हनुवटीखाली जाणार नाही

मित्रांनो, मी एक जुनं व्हायोलिन आहे. शंभरी उलटून बराच काळ लोटला. माझ्या कडा झिजल्या आहेत, पाठीवरचं रोगण उडालं आहे आणि दोन खुंट्या माझ्या मूळच्या नाहीत. तरी आवाज शाबूत आहे आणि ताठाही. कीव करायला बसला असाल, तर दुसऱ्या कोणाची तरी गोष्ट ऐका.

माझा जन्म फ्रान्सच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागात, एका कारखान्यात झाला. तिथे एक माणूस जन्मभर नुसत्या माना कोरायचा, दुसरा नुसत्या पाठी रंधायचा. माझ्या पोटात एका थोर इटालियन कारागिराच्या नावाची चिठ्ठी चिकटवली होती. साफ खोटी! माझ्यासारख्या शेकडो भावंडांच्या पोटात तीच होती. मग मला पेटीत घालून समुद्रापार अल्जीरियाला धाडलं. तेव्हा तिथे फ्रेंचांचं राज्य होतं.

दोन-तीन घरं फिरून मी त्लेमसेन गावातल्या पोस्टमास्तरांच्या मुलीकडे आलो. सिमोन तिचं नाव. तिला माझा कंटाळा होता आणि खरं सांगायचं तर मलाही तिचा. तिचा मास्तर तिच्या कोपरावर पट्टी मारायचा आणि तिचे अश्रू हनुवटीवरून माझ्या अंगावर गळायचे. १९६२ च्या उन्हाळ्यात फ्रेंच निघून गेले. सिमोनच्या घरच्यांनी बशा नेल्या, पडदे नेले. मला मात्र कपाटावर विसरून गेले. पुढे कित्येक वर्षं माझ्या पेटीवर लसणाच्या माळा वाळत होत्या.

अखेर जुन्या बाजारात मला एका कॉलेजात जाणाऱ्या तरुणाने पाहिलं. हा ग़ौती. त्याने माझ्या बदल्यात आपली सायकल देऊन टाकली.

घरी त्याचे वडील कडाडले, "अरे गाढवा, सायकलीवर बसून निदान कुठेतरी जाता येतं! यावर बसून कुठे जाणार तू?"

ग़ौती सरळ खुर्चीत बसला आणि त्याने मला डाव्या गुडघ्यावर उभं केलं.

मित्रांनो, तो क्षण मी जन्मात विसरणार नाही. तिथल्या वाजवणाऱ्यांची हीच पद्धत. गज आपल्या जागी राहतो आणि व्हायोलिनच गुडघ्यावर डावी-उजवीकडे वळतं. हवी ती तार आपणहून गजापुढे आणून देतं. फ्रान्समध्ये वाजवणारा उभा राहतो आणि मी त्याच्या हनुवटीखाली आडवा पडतो. त्लेमसेनमध्ये वाजवणारा बसतो आणि उभा राहतो तो मी! आता तुम्हीच सांगा, मी कोणत्या घरचा?

ग़ौती पुढे दातांचा डॉक्टर झाला. दिवसभर गावाला रडवायचा आणि संध्याकाळी मला घेऊन त्याच गावाला डोलवायचा. रमजानच्या रात्री, लग्नाच्या मांडवात, जुन्या नूबांच्या मैफिलीत आम्ही दोघं असायचो. नूबा म्हणजे एकामागून एक उलगडत जाणारी गाण्यांची लांबलचक माळ. जरीच्या पोशाखात अवघडून बसलेल्या नवऱ्या मुलीसुद्धा माझा आवाज ऐकून मान वळवायच्या. लोक म्हणायचे, "डॉक्टर, दात काढा, पण ही बोटं जपा!"

पण म्हातारपणी बोटांनाच कंप सुटला. ग़ौतीने दवाखाना बंद केला आणि मला त्याच्या बहिणीच्या मुलीच्या मांडीवर ठेवलं. वसीला ही त्याची भाची. लहानपणापासून त्याच्याचकडे शिकलेली, अंगाने काडी आणि तोंडाने तलवार.

विशीत आल्यावर वसीलाने फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका संगीत विद्यालयात अर्ज केला. ठरवून दिलेल्या दोन युरोपीय रचना मागितल्या होत्या. तिने त्या महिनोन्‌महिने घोटल्या आणि ध्वनिमुद्रण पाठवलं. त्यांना आवडलं, जागा मिळाली, शिष्यवृत्तीही मिळाली. कानाला गुडघा दिसत नाही, मित्रांनो.

सप्टेंबरात आम्ही ल्योंला पोचलो. सहाव्या मजल्यावर छपराखालची खोली, खाली नदीचं धुकं. त्यात खोलीत एक लोखंडी शेगडी! ती तापली की माझे सांधे ताणायचे आणि थंड झाली की आखडायचे. वसीलाचे पहिले दिवस रांगांतच गेले. राहण्याच्या परवान्याची रांग, बँकेची रांग, खोलीच्या कागदांची रांग. प्रत्येक खिडकीमागचा माणूस तिचं नाव नव्या चुकीने उच्चारायचा. आईचा फोन आला की म्हणायची, "जेवले गं, पोटभर," आणि हातातला कोरडा पाव कुरतडायची.

शेजारच्या खोलीत सोलेन नावाची मुलगी राहायची, गाणं शिकणारी. तिने पहिल्याच आठवड्यात दार ठोठावलं.

"ए, ते भिंतीपलीकडे वाजतं ते काय आहे?"

"व्हायोलिन."

"थापा मारू नकोस. आमच्याकडची व्हायोलिनं मला ठाऊक आहेत."

"हे आमच्याकडचं आहे," वसीला म्हणाली. मी सुखावलो.

मग पहिला वर्ग भरला. व्हर्दिये सर व्हायोलिनचे नावाजलेले शिक्षक. वसीला खुर्ची ओढून बसली, तिने मला गुडघ्यावर उभं केलं. सरांच्या भुवया वर गेल्या.

"हे काय? बाळाला मांडीवर घेतलंय की काय?"

सगळा वर्ग हसला. वसीलाचे कान लाल झाले, पण जीभ कुठली गप्प बसायला!

"हो सर. आणि हे बाळ तुमच्याहून मोठं आहे."

वर्ग पुन्हा हसला, या वेळी तिच्या बाजूने. सर हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी तिला थांबवून घेतलं.

"हे बघा, मी तुमचा शत्रू नाही," ते म्हणाले. "ऑक्टोबरअखेर परीक्षक मंडळ नव्या विद्यार्थ्यांना ऐकतं. तिथे नापास झालात तर जागा जाईल. जागा गेली की शिष्यवृत्ती जाईल, आणि परवानाही. असं धरणाऱ्याला इथे कोणी उत्तीर्ण करणार नाही. हनुवटीखाली धरा. वेळ थोडा आहे."

त्या माणसाला मी वाईट म्हणणार नाही. त्याला खरोखरच काळजी वाटत होती. पण काळजीने मारलेली पट्टीसुद्धा कोपराला लागतेच.

वसीलाने प्रयत्न केला. अगदी मनापासून. सकाळ-संध्याकाळ मला हनुवटीखाली दाबून उभी राहायची. तिच्या मानेवर जांभळा वळ उठला, खांदा भरून आला. मी किंचाळायचो, घोगरा व्हायचो. मुद्दाम नव्हे हो! तिची बोटं मला उभा धरून चालायला शिकलेली, ती आता उलट्या जिन्याने उतरू लागली होती. त्या दिवसांत सोलेन एकदाही म्हणाली नाही की छान वाजतंय.

त्यातच शेगडीच्या उष्णतेने माझी पाठ कडेला उकलली. सरांनी एका वाद्य दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता दिला आणि सांगितलं, "हनुवटी टेकवायची वाटीही बसवून घ्या."

कारागिराने मला दिव्याखाली फिरवलं, पोटातली चिठ्ठी वाचून फुसकन हसला.

"कारखान्याचा माल आहे, मादमोझेल. भिंतीला टांगा, शोभेल. विद्यालय तुम्हाला बरं वाद्य वापरायला देईल." मग त्याचा अंगठा माझ्या खालच्या कडेवर थांबला. "पण ही कड अशी कशाने झिजली?"

"मामाच्या पँटने."

त्याने माझ्यावर बोटाने हलकेच टकटक केलं, कान लावला, पुन्हा टकटक केलं. या वेळी हसला नाही. त्याने निमूटपणे उकललेली पाठ सांधून दिली आणि विचारलं, "वाटी बसवू?"

मी श्वास रोखला.

वसीलाने ती काळी वाटी हातात घेतली, उलटसुलट केली आणि परत ठेवली. "नको," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिने मामाला फोन लावला. पडद्यावर ग़ौतीचा सुरकुतलेला चेहरा हलत होता; हातच थरथरत होता ना त्याचा. तिने सगळं सांगितलं. मला वाटलं, मामा गरजेल. पण तो मऊ आवाजात म्हणाला,

"पोरी, धर ना त्यांच्यासारखं. त्यांचं गाव, त्यांची रीत. दोन वर्षं कळ काढ, पदवीचा कागद हातात पडू दे. मग घरी येऊन काय हवं ते कर. माझ्यासाठी हट्ट करू नकोस."

मित्रांनो, ज्याने माझ्यासाठी सायकल सोडली, तोच मला सोडून द्यायला सांगत होता. माझ्या तारा सैलावल्याच.

"तुमच्यासाठी कोण हट्ट करतंय, मामा?" वसीला म्हणाली. "स्वतःला फार समजू नका. मला तसंच ऐकू येतं, म्हणून मी तसं वाजवते. हनुवटीखाली धरलं की मला माझाच सूर सापडत नाही. आणि त्यांच्याच रचना वाजवणार आहे मी, आपल्या नाही. मग त्यांचं बिघडतंय काय?"

मामा मग खोकला. "तुझी आई मला कच्चा खाईल."

"तिला सांगू नका."

"सांगतो कशाला! बरं, ती जलद रचना. तिथे गुडघा थोडा बाहेर काढ, म्हणजे वळायला जागा मिळेल." आणि डोळे पुसत त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा गुडघ्यावर उभा. सोलेनने भिंतीवर दोनदा थाप मारली. भिंत आपटून कोणी दाद दिलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

परीक्षेच्या दिवशी लांबट दालनात तीन परीक्षक बसले होते. मधोमध संचालक, एका बाजूला व्हर्दिये सर आणि दुसऱ्या बाजूला सेलो शिकवणाऱ्या ओब्रे बाई, पांढऱ्या केसांच्या, शालीत गुरफटलेल्या. वसीलाने आत जाताच खुर्ची मागितली.

"व्हायोलिन उभं राहून वाजवतात," संचालक म्हणाले.

"आमच्याकडे व्हायोलिन उभं राहतं, सर. माणूस बसतो."

व्हर्दिये सरांनी कपाळाला हात लावला. "मी हिला सांगितलं होतं..."

"हो, सांगितलं होतं," वसीला म्हणाली. तिने कोपऱ्यातली खुर्ची स्वतःच ओढली. ती बसली आणि तिने मला गुडघ्यावर उभं केलं. "मी प्रयत्न केला. वाईट वाजलं. तुम्ही मला घेतलंत तेव्हा पाहिलं नव्हतंत, ऐकलं होतंत. ते ध्वनिमुद्रण याच गुडघ्यावर झालंय. आजही ऐका. ऐकून नापास केलंत तर मी आपली बॅग भरेन. बघून नापास केलंत तर भांडेन."

ओब्रे बाई शालीतून पुढे झुकल्या. "वाजव, बाळ."

आधी संथ रचना होती. मित्रांनो, ती ज्या देशात माझा जन्म झाला त्या देशाची होती. पण सिमोनच्या हनुवटीखाली मी ती रडत म्हटली होती. आज मी ती ताठ उभा राहून म्हटली. दालनात घड्याळाचा आवाज तेवढा उरला. मग जलद रचना. वसीलाने गुडघा बाहेर काढला आणि मी गर्रकन वळू लागलो, तार पुढे करायची, मागे घ्यायची, पुन्हा पुढे. एका अवघड वळणावर तिचं बोट घसरलं. मोठ्याने घसरलं, झाकता येण्यासारखं नव्हतं. ती थांबली नाही. शेवटच्या सुरावर तिने गज उचलला तेव्हा तिचा पुरा तळवा घामाने भिजला होता.

आम्हाला बाहेर बसवलं. दाराआडून आवाज चढत होते, उतरत होते. मग बोलावणं आलं.

व्हर्दिये सर उभे राहिले. "ऐकायला मला तक्रार नाही," ते सावकाश म्हणाले. "पण मी हिला माझ्या वर्गात ठेवू शकत नाही. हे मला शिकवता येत नाही. येत नाही ते येतं म्हणून कसं सांगू?"

वसीलाने माझी मान घट्ट धरली.

"मग माझ्याकडे पाठवा," ओब्रे बाई म्हणाल्या. "माझी सगळी मुलं बसूनच वाजवतात. एक लहान वाद्य आलं तर खोलीत काही गर्दी होत नाही."

संचालकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "जूनपर्यंत," ते म्हणाले. "जूनमध्ये हेच मंडळ पुन्हा ऐकेल."

झालं ते एवढंच. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी मिठी मारली नाही. बाहेर येऊन वसीला जिन्यावर बसली आणि मला पोटाशी धरून घळाघळा रडली. मी भिजलो. पण या अश्रूंचा मला राग आला नाही.

पुढच्या आठवड्यात व्हर्दिये सर विद्यालयाच्या पायऱ्यांवर भेटले. "जूनमध्ये मीही असेन हं," ते म्हणाले.

"या ना सर," वसीला म्हणाली. "फक्त खुर्ची बिनहाताची ठेवा. हातांची असली की गज अडकतो."

या वेळी ते हसले.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं वाद्य कपाटावर पडलं असेल. त्याला खाली काढा. धूळ पुसा, तारा सैल करा, उन्हात किंवा शेगडीजवळ ठेवू नका, उकललं तर वेळीच सांधून घ्या. एवढी निगा आम्हाला पुरते. पण त्याला कसं धरायचं ते भिंतीवरच्या चित्रात बघून ठरवू नका. ज्याच्या हातात ते गायलं, त्याला विचारा. आणि कोणी येऊन सांगितलं की हे असं धरायचंच नसतं, तर वाद न घालता खुर्ची ओढा, बसा आणि वाजवायला लागा.