चाळीस दिवसांचं मौन

सभागृहात खुर्च्या हजार आणि माणसं दीड हजार. घसा बसलेले, चिरक्या आवाजाचे, चार शब्द बोलून दमणारे, सगळे रांगेत. कंठमहाराज एकेकाच्या गळ्यावर दोन बोटं ठेवत आणि डोळे मिटून म्हणत, "स्वर झोपलाय, मेलेला नाही." मग तो माणूस बाजूच्या काचेच्या खोलीत जाई, हेडफोन लावून माइकसमोर एक ओळ गाई, आणि सभागृहातल्या स्पीकरमधून मधासारखा आवाज ओघळे. लोक डोळे पुसत.

त्या रांगेत माझी ताईही होती.

ताई प्राथमिक शाळेत शिक्षिका. चार महिने तिचा आवाज बसलेला. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं; स्वरयंत्रावर गाठ दिसतेय, तुकडा काढून तपासू, म्हणाले. ती घाबरली. दाजींनी तिला महाराजांकडे नेलं. हेडफोनमध्ये स्वतःचा सुरेल आवाज ऐकून ती खोलीबाहेर आली ती हुंदके देतच. महाराजांनी आज्ञा केली: चाळीस दिवस एक अक्षर बोलायचं नाही, डॉक्टरांचं हत्यार गळ्याला लावू द्यायचं नाही, कच्चा स्वर पिकू द्यायचा.

लबाडी केवढी हुशार होती बघा. बोलायचंच नाही, तर आवाज सुधारला की नाही हे कळणार कुणाला?

मी तेव्हा कामासाठी बाहेरगावी होतो. गाणी ध्वनिमुद्रित करणं हाच माझा व्यवसाय. परतलो तो मौनाचा छत्तिसावा दिवस होता. दाजींनी मोठ्या कौतुकाने काचेच्या खोलीत मुद्रित झालेलं ताईचं गाणं मोबाइलवर ऐकवलं. त्यात श्वास कुठेच नव्हता. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना माणसाचा गळा थोडा घसरतो. हा आवाज पायऱ्या मोजल्यासारखा चढत होता. संगणकावर असे सूर बसवायचं काम मी रोज करतो. दाजींना तसं सांगितलं, तर म्हणाले, "तुला तिचं बरं झालेलं बघवत नाही." ताईने तोंड फिरवलं.

दोन दिवसांनी सभा होती. मी काचेच्या खोलीमागच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. तिथल्या शिष्याला मी स्पीकरवाला वाटलो. महाराज स्वतः गात होते, लोक माना डोलावत होते. मी संगणकावरचं एक बटण बंद केलं.

स्पीकरमधून गंजलेली बिजागरी करकरली. महाराजांनी पुढची ओळ उचलली, ती त्याहून फुटली. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी बटण चालू केलं आणि त्याच क्षणी ते माइकमध्येच ओरडले, "पकडा त्या हलकटाला!" ती आरोळी अगदी सुरात, मागे चार जण साथ देत असल्यासारखी, गोड घुमत बाहेर पडली.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळं सभागृह. मी बटण मुद्दाम तसंच ठेवलं. त्यांची धाप, त्यांच्या शिव्या, शेवटी त्यांचं रडं, सगळं सुरेल ऐकू येत होतं. मला दया आली नाही. अजूनही येत नाही.

लोक दमेपर्यंत हसले, तेव्हा मी माइक घेतला आणि काय चालायचं ते सांगितलं. हा संगणक बेसूर आवाज ओढून जवळच्या सुरावर बसवतो. खरखर कापतो. लहानमोठा आवाज एका पातळीवर आणतो, त्याच्याच दोन-तीन प्रती किंचित मागेपुढे लावतो आणि वरून मोठ्या दालनाचा घुमारा चढवतो. बदल होतो तो तारेत. गळा होता तसाच राहतो.

महाराजांना पोलीस घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही ताईला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. गाठ पसरली होती; तुकडा तपासल्यावर कर्करोग निघाला. आधी आला असतात तर नुसती गाठ काढून भागलं असतं कदाचित, डॉक्टर म्हणाले. आता स्वरयंत्रच काढावं लागेल.

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी दाजी तिच्या खाटेपाशी बसून माफी मागत होते. ताईने त्यांना थांबवलं. घोगऱ्या, तुटक आवाजात म्हणाली, "माझ्याकडे बोलायला चाळीस दिवस होते. ते मी गप्प बसून घालवले."

 दुपारनंतर तिला बोलता येणार नव्हतं.

महिन्याभराने एक गृहस्थ आवाज बसलेल्या वडिलांना घेऊन माझ्या स्टुडिओत आले. महाराज खोटे होते हे त्यांना पटलं होतं. "पण तुमचं मशीन तर खरं आहे ना?" ते म्हणाले. "बाबांना तेवढं लावून बघा."

मी दोघांना गाडीत बसवून घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

भोंदू पकडला गेला, तरी आपली फसायची तयारी तशीच राहते. म्हणून साधं सांगतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कुणी तुम्हाला बरं केल्याचं सांगून वर तपासून घेऊ नका म्हणत असेल, तर त्याच पावली उठा आणि तपासून घ्या.