कोण बघत होतं?

या, असे जवळ सरकून बसा. आज एका साध्या क्रियापदाची गोष्ट सांगणार आहे. व्याकरण आलं म्हणून कोणी उठू नका, त्यात एका मुलीचा जीव अडकला होता.

ही मुलगी दवाखान्यात परिचारिका. तिचे वडील पाट्या रंगवायचे. दुकानांच्या कपाळावर नावं काढण्यात त्यांचा जन्म गेला, आणि असंच एक नाव काढताना शिडीवरून तोल जाऊन ते रस्त्यावर पडले. गाडी येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. शेवटची होती, 'घटनास्थळी बघ्यांची मोठी गर्दी जमली होती.'

त्या बघ्यांनी पोरीची झोप उडवली. प्रेक्षक म्हटलं की तिकीट काढलेला माणूस डोळ्यांपुढे येतो, साक्षीदार म्हटलं की शपथ घेतलेला. पण बघ्या म्हणजे हात खिशात घालून उभा असलेला. तोंडाने हळहळतो आणि पाय जागचा हलवत नाही. आत्या तशी फटकळ. ती म्हणाली, अगं, पेपरवाल्यांकडे तो शब्द तयारच असतो, आग लागो की नळ फुटो. धाकट्या भावानेही समजूत घातली. मुलीला मात्र एकच गोष्ट आतून कुरतडत होती. आपण रोज परक्यांच्या बापांच्या उशाशी उभ्या असतो. मग आपले बाबा गेले तेव्हा त्यांच्याजवळ कोणी होतं, की ते एकटेच गेले?

शेवटी न राहवून ती त्या रस्त्यावर गेली. समोरच्या जिन्याखाली किल्ल्या बनवणारा एक म्हातारा कानस चालवत बसला होता. तिने आपण कोणाची मुलगी ते सांगितलं. कानस थांबली.

"काका, तेव्हा बाबांना कोण बघत होतं?"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "मी बघत होतो, बाई."

मुलीचा बांध फुटला. तिने त्याचे काळवंडलेले हात घट्ट धरले, तुमचे उपकार कसे विसरू, म्हणून रडत राहिली. म्हातारा आधी गोंधळला, मग त्याच्या ध्यानात आलं की हिने विचारलं सांभाळण्याचं आणि आपण कबूल केलं भलतंच. गप्प बसला असता तर कोणाचं काय बिघडणार होतं? पण माणूस पापभीरू.

"तसं बघणं नव्हे गं पोरी," तो म्हणाला. "मी आपला नुसताच बघत होतो, बाकीच्यांसारखा. रस्ता ओलांडून गेलो खरा, पण पुढे काय करायचं तेच सुचेना. हात लावावा, तर कुठे दुखेल कळेना. मग शेजारी बसलो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो."

मुलीने त्याचे हात सोडले. मग तिने विचारलं, ते काही बोलले का.

बोलले होते. शेवटचं अक्षर सरळ आलंय का, असं त्यांनी विचारलं होतं. सरळ आहे, म्हटलं, तर म्हणाले, नीट बघून सांगा. म्हाताऱ्याने मान वर करून नीट बघितलं आणि पुन्हा सांगितलं, अगदी सरळ आहे. तेवढ्यावर ते हसले, आणि त्याच्याकडे बघता बघताच गेले.

मुलीने समोरच्या दुकानावरच्या त्या पाटीकडे पाहिलं. शेवटच्या अक्षराचा काना पाटी सोडून खाली भिंतीवर लांबच लांब ओढला गेला होता.

"खोटं बोललो," म्हातारा पुटपुटला. "देव बघतोय."

"बघू दे," ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसली. दवाखान्यात आम्ही सुई टोचतो, पट्टी बांधतो, औषध पाजतो, ती सांगू लागली. पण शेवटपर्यंत एकाच माणसाच्या तोंडाकडे बघत बसायला आम्हाला कधी फुरसत मिळते?

मग डोळे पुसून ती म्हणाली, "काका, माझ्या बाबांना तुम्हीच बघितलंत."

या वेळी म्हाताऱ्याने तिची चूक सुधारली नाही.

मंडळी, देव तरी येऊन आपल्या अंगाला कुठे हात लावतो? तो बघतोय एवढ्या भरवशावर आपण दिवस काढतो. आज देवापुढे हात जोडाल तेव्हा माझं एवढं ऐका. ज्याला काही करता आलं नाही, पण ज्याने नजर काढून घेतली नाही, त्या किल्लीवाल्याची आठवण ठेवा.