रिंगांना कळवतो म्हणालो

पहिली रिंग आमच्या मोरीतल्या नळाला बसली, दुसरी चौगुल्यांच्या म्हशीला आणि तिसरी शेजारच्या रत्नाक्कांना. नळ घर बांधल्यापासून ठिबकत होता, तो थांबला. म्हशीचं दूध बंद झालं. रत्नाक्कांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. त्या सकाळी कुंपणापाशी आल्या, कुणाच्या तरी सुनेबद्दल सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं ठेवून उभ्या राहिल्या. आतून काही आलं नाही. त्यांच्या गळ्याभोवती शेवयीएवढी बारीक काळी रिंग होती. दुपारी त्यांचे यजमान आले आणि माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसते बसले. जाताना डोळे पुसावेत तसं त्यांनी केलं.

मी भरत मगदूम. जयसिंगपुरात स्टेशन रोडला माझं कुकरच्या रिंगा, पंपाचे वॉशर असल्या वस्तूंचं दुकान आहे. एखाद्या बाईनं झाकणाचा आकार हवेत बोटानं काढून दाखवला तरी मी मागं न बघता बरोबर रिंग काढून देतो. आजवर एकही परत आलेली नाही. तेव्हा बायकोच्या विमानाच्या इंजिनाला रिंगा निवडायचं काम माझ्याकडं येणार हे उघडच होतं, आणि तिथंच सगळं अडलं.

माझी बायको त्रिशला शाळेत गणित शिकवते. एका उन्हाळी सुट्टीत ती विमान चालवायला शिकून आली. विकतची विमानं तिला पसंत पडेनात, प्रत्येकात कुठंतरी हिशेब कच्चा आहे म्हणायची, म्हणून तिनं तंबाखूची एक जुनी वखार घेऊन स्वतःच बांधायला काढलं. पंख तिनं केले, शेपूट तिनं केली. इंजिन जिनगोंडा मिस्त्रींनी जुळवलं. ते एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेत. ते इंजिन रोटरी जातीचं आहे. त्यात पिस्टन वरखाली होत नाहीत, तीन कोनांचा एक गोळा आत गरगर फिरतो. बाकी रचना जेवणाच्या डब्यासारखी: कप्प्यावर कप्पा ठेवायचा आणि लांब बोल्टनी आवळायचं. कप्प्यांच्या आत आग असते. भिंतींमधून इंजिन गार ठेवणारं पाणी खेळतं, त्याला कूलंट म्हणतात. आग आणि पाणी यांच्यामध्ये असते ती खाचेत बसवलेली रिंग, आणि दुसरं काही नसतं.

रिंग गळली की पाणी आगीत जातं आणि इंजिन बंद पडतं. मोटार असली तर रस्त्याच्या कडेला घेता येते. वर कड नसते. खाली ऊस आणि कृष्णा. हे सगळं मला जेवताना, दाढी करताना, दुकानाचं शटर वर ढकलताना दिसायचं, म्हणून मी जरा चोखंदळ झालो. जरा म्हणजे किती, ते त्रिशलाला विचारा.

रिंगा कुरिअरनं यायच्या, पण पाकिटातून आपल्या आपण निघून सोफ्यावर बसायच्या. बरोबर बोलणी करायला एखादी जाड, वयस्क पंपाची रिंग असायची. मी चहा पुढं करायचो.

"आमची सिलिकॉनची आहे," वयस्क रिंग म्हणायची. "उष्णता चांगली सोसते."

"आणि ताण?"

"ताण थोडा कमी. पण घरातलं सगळं येतं."

मी रिंग ताणून बघायचो, मिशीवरून फिरवायचो, वास घ्यायचो. लाल सिलिकॉनची नाजूक निघाली, नख लागलं की ओरखडा. तपकिरी होती ती ताठ, पहिल्या भेटीतच स्वतःची मतं. एक पांढऱ्या अस्तराची आली, ती आत काय आहे ते दाखवायलाच तयार नव्हती. काळ्या साध्या रबराच्या बऱ्याच आल्या, पण त्या इतक्या आज्ञाधारक होत्या की मला संशय आला. कुठंतरी पाणी मुरत असणार.

आता आमच्याकडं कुणाला तोंडावर नको म्हणत नाहीत. मुलगी असो, जमीन असो की बैलजोडी, बघून झालं की बशी खाली ठेवायची आणि 'कळवतो' म्हणायचं. समोरचा काय ते समजतो, पुन्हा विषय काढत नाही, लग्नकार्यात भेटला तर हसतो. मीही प्रत्येक रिंगला 'कळवतो' म्हणालो. रिंगा आमच्या समाजातल्या नव्हत्या. त्यांना ते खरंच वाटलं आणि त्या थांबल्या. आता वाट बघायची म्हणजे कुठंतरी बसायला हवं, म्हणून जिला जे जवळ सापडेल त्याला ती बसली. आणि रिंग जिथं बसते तिथून काही बाहेर पडत नाही. यात रिंगांची चूक मला तरी दिसत नाही, त्यांचं काम चोखच होतं.

थोड्याच दिवसांत गावातून काहीच बाहेर येईना. टपालपेटीत पत्रं पडायची, निघायची नाहीत. आमच्या कुकरची शिट्टी बंद झाली, त्यामुळे भात एक तर कच्चा किंवा पेज. नगरसेवकांचं उद्घाटनाचं भाषण आतच राहिलं, लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. कुरुंदवाडच्या बसमध्ये माणसं चढायची, उतरायची नाहीत. बस दोन्ही बाजूंनी फुगली होती आणि स्टँडवर आली की लोक खिडकीतून आत डबे द्यायचे. एक बाई तर माहेरी निघालेली, तिनं खिडकीतूनच आईला बघितलं आणि पुढं गेली.

मग बोरगाव्यांचे वडील वारले. अंत्ययात्रेला सगळं गाव होतं आणि कुणालाही रडता येत नव्हतं. त्यांचा मुलगा महावीर तिरडीला खांदा देऊन चालला होता. त्याच्या डोळ्यांत काठोकाठ पाणी होतं, पण ते काठ सोडून खाली येईना. तो माझ्याकडं बघत होता. मी माझ्या चपलांकडं बघत चाललो. लाज वाटली मला.

घरी न जाता मी वखारीत गेलो. जिनगोंडा मिस्त्री इंजिनापाशी स्टुलावर बसले होते. वखारीत अजून तंबाखूचा धुरळा आहे, आत गेलं की शिंक येते. मिस्त्रींच्या नाकाला रिंग बसलेली, त्यामुळे शिंक यायची आणि आतच राहायची. अशा बऱ्याच साठल्या होत्या. त्यांचा सदरा छातीवर तटतटला होता.

"भरतराव, त्यास्नी सरळ नको म्हणा की," ते म्हणाले.

"असं तोंडावर कसं म्हणणार?"

"मग एकीला हो म्हणा. एकीचं जमलं की बाकीच्या समजत्यात. लग्नाचंबी तसंच असतंय."

"बघतोय. घाईत निवडायची गोष्ट नाही ही."

"अति शहाणा त्याचा बैल रिकामा," मिस्त्री म्हणाले, आणि आणखी एक शिंक आत घेऊन भिंतीकडं तोंड करून बसले.

त्या संध्याकाळी पेज वाढताना त्रिशलानं विषय काढला. ती चिडली की आवाज खाली आणते, वर्गात पोरं त्यालाच घाबरतात.

"अहो, गावातल्या बायका तुमच्याकडून डोळे मिटून रिंगा नेतात."

"कुकर हवेत जात नाही."

"तुम्हाला रिंग सापडत नाही असं नाही. मी वर जायला नको आहे तुम्हाला."

मी भात, म्हणजे पेज, कालवत राहिलो. मला तिथंच सांगायला हवं होतं की हो, तसंच आहे, तू वर गेलीस की मी खाली काय करू. पण आमच्याकडं हेही तोंडावर म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी एक रिंग एकटीच आली. बरोबर कुणी वयस्क नव्हतं. काळीच होती, मऊ पण चिवट. मी ती ताणली, ती ताणली गेली आणि पुन्हा होती तेवढी झाली. उन्हात धरली, उकळत्या पाण्यात घातली, रात्रभर कूलंटमध्ये ठेवली. तिनं काही तक्रार केली नाही आणि खोटी लाडीगोडीही केली नाही. मला तिच्यात खोट सापडेना. खोट सापडत नाही याचीच मला धडकी भरली, कारण आता पुढं बोल्ट आवळायचे एवढंच उरत होतं.

"कळवतो," मी म्हणालो.

रिंग उठली आणि तिनं बसायला जागा शोधली. घरात रिकामं काही राहिलं नव्हतं. तांब्याला रिंग होती, टेबलफॅनला होती, माझ्या पेनालाही होती. त्रिशला खाली बसून पेपर तपासत होती. रिंग तिच्या पायांवरून वर चढली आणि कमरेला बसली.

त्रिशलानं वर बघितलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, ते आतच राहिलं.

त्यानंतर ती शाळेत जायची, फळ्यावर खडू फिरवायची, आकडा उमटायचा नाही. विमान घासताना ती नेहमी गुणगुणायची, तेही थांबलं. संध्याकाळी वखारीत जाऊन ती विमानात बसायची. इंजिनाच्या खाचा उघड्या, पंख्याला धूळ, आणि ही दोन्ही हात मांडीवर ठेवून समोरच्या भिंतीकडं बघत बसलेली. रागावलेली दिसली असती तर मला चाललं असतं. ती नुसती भरलेली दिसायची. पाण्याच्या टाकीवर बोटानं वाजवल्यावर ती भरली असेल तर जसा मुका आवाज येतो, तसा तिच्या खांद्यावर हात ठेवल्यावर यायला लागला.

खरं तर मला हवं होतं ते झालं होतं. ती जमिनीवर होती, आणि जमिनीवरून हलायची काही शक्यता नव्हती. मी दुकानात बसून हे स्वतःला समजावलं. एका बाईनं हवेत झाकणाचा आकार काढला आणि मी तिला चुकीची रिंग दिली. तिनं ती निमूटपणे घेतली. मी शटर ओढून बंद केलं आणि वखारीकडं चालत निघालो. मला माझ्या बायकोचा आवाज ऐकायचा होता. चिडलेला असला तरी चालणार होता.

ती विमानातच होती. मिस्त्री स्टुलावर होते, एव्हाना त्यांना स्टूल पुरत नव्हतं. मी त्रिशलाला हात देऊन खाली उतरवलं आणि तिच्या कमरेकडं बघून बोललो. बोलायला फार जड गेलं, आमच्या लग्नातसुद्धा हे वडीलच बोलले होते.

"पसंत आहे," मी म्हणालो. "हीच."

रिंग तिच्या कमरेवरून सुटली, परकर गळावा तशी पायाशी आली, जमिनीवरून इंजिनापर्यंत गेली आणि खाचेत जाऊन पडली. बोटानं दाबायचीसुद्धा गरज लागली नाही. तिच्या मापाच्या आणखी रिंगा तिच्या पाठोपाठ कुठूनशा आल्या आणि बाकीच्या खाचांमध्ये बसल्या, बहिणी असाव्यात.

मग गावातल्या सगळ्या रिंगांना कळलं. मिस्त्री शिंकले. ते कितीतरी वेळ शिंकत होते, वखारीतला सगळा तंबाखू दारातून पिवळा ढग होऊन बाहेर गेला. स्टँडवर बस उघडली आणि माणसं एकमेकांच्या अंगावरून बाहेर सांडली. चौगुल्यांच्या गोठ्यातून दूध गटारीपर्यंत आलं. बोरगाव्यांच्या घरातून रडणं ऐकू आलं, मोठ्यानं, आणि ते ऐकून मला बरं वाटलं. रत्नाक्का मागं राहिलेलं सगळं एका दमात सांगत गल्लीतून चालल्या होत्या आणि त्यांचे यजमान मागून कानांवर हात ठेवून.

त्रिशलाच्या आतलं सगळं ओळीनं बाहेर आलं. "दूध संपलंय. सातवीचे पेपर राहिलेत. भाजीत मीठ नव्हतं. तुम्ही भित्रे आहात. गॅस सांगून ठेवा. मलापण भीती वाटते, तुम्हाला काय वाटलं, नाही वाटत? पण मला जायचंय." एवढं बोलून ती दम घ्यायला थांबली.

"जा," मी म्हणालो.

बोल्ट मीच आवळले. मिस्त्रींनी सांगितलेल्या क्रमानं, आधी थोडे, मग पुरते. सकाळी आम्ही विमान गावाबाहेरच्या माळावर नेलं. सगळं गाव आलं होतं, बोलत होतं, शिंकत होतं, चहा सांडत होतं. त्रिशलानं इंजिन चालू केलं. धूर काळा नाही, पांढरा नाही, नुसता थरथरता उकाडा. ती चष्म्याच्या आतून माझ्याकडं बघून "येते" म्हणाली. विमान माळावरून धावलं, एकदा उचललं, टेकलं, पुन्हा उचललं, आणि मग उसाच्या तुऱ्यांवरून नीट वर गेलं. मला वाटलं होतं मी डोळे मिटून घेईन. मी बघत राहिलो. फार चांगली दिसत होती ती वर.

विमान ठिपक्याएवढं झालं, मग आमच्या बरोबर डोक्यावर आलं. आभाळ कोरडं होतं, ढगाचं एक चिरगूट नव्हतं. आणि एक थेंब माझ्या वरच्या ओठावर पडला. कोमट होता.

पावसाच्या पाण्याला चव नसते. वर कुणाला रडू आलं तर ते खारट असणार. कूलंट गोड असतं. ते विष आहे, कुणी चाखत नाही, पण वर्कशॉपातल्या प्रत्येकाला ते गोड असतं हे माहीत असतं.

"काय पडलं ओ?" मिस्त्रींनी विचारलं.

"थेंब पडलाय त्यांच्या ओठावर," रत्नाक्कांनी सगळ्यांना सांगितलं. माळावरची माणसं बोलायची थांबली आणि माझ्याभोवती गोळा झाली.

"कसला लागतोय?"

मी ओठ घट्ट मिटून वर बघतो आहे. थेंब मिशीतून हळूहळू खाली, ओठांच्या फटीकडं सरकतो आहे.