आफ्रिकेसाठी सातबारा

अप्पा चहात बटर बुडवत म्हणाले, "आपण तिघं आफ्रिकेला जायचं. सफारीला." बटर तुटून चहात पडलं. ते त्यांनी बोटानं काढून खाल्लं, म्हणजे माणूस शुद्धीवर होता.

आई काहीच बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा तपास सुरू झालेला असतो.

नंतर तिनं मला गोठ्यात नेलं. "संस्कृते, बत्तीस वर्षांत ह्या मानसानं मला एकदा शिर्डी दावली. ती बी कांद्याचा टेम्पो तिकडं चाललाच हुता म्हनून. आन् आता आफ्रिका?"

"जनावरं बघायचीत त्यांना."

"जनावरं?" आईनं म्हशीकडं बघितलं. म्हशीलाही पटलेलं दिसत नव्हतं.

मुद्दा बरोबर होता. आमच्या श्रीगोंद्याच्या उसात बिबट्या फुकट आहे. गेल्या वर्षी वनखात्यानं आमच्या शेतात पिंजरा लावला, आत शेळी ठेवली. बिबट्या आला नाही. शेळी बसून खाऊन इतकी फुगली की दारातून निघेना. तेव्हापासून अप्पा पाच वाजले की शेताकडं पाठ करतात. असा माणूस पासपोर्ट काढून बिबट्याच्या घरी जाणार?

त्यात मंगळवारी अप्पांनी सातबारा काढला.

जमीन कुणाच्या नावावर आहे ते सांगणारा हा कागद आमच्या गावात हौस म्हणून कुणी काढत नाही. कर्ज, भांडण, वाटणी नाहीतर विक्री. कर्ज नको होतं. शेजारच्या अजिनाथशी भांडण होतं, पण ते तोंडी. वाटणीला मी एकटीच. उरली विक्री.

आईचा चेहरा उतरला. वरचं वावर तिचं होतं. कागदावर नाही, हातावर. ती लग्न होऊन आली तेव्हा तिथं नुसते दगड होते. चार वर्षं वेचून तिनं त्यांचा बांध घातला. अजिनाथ तो बांध दरसाल वीतभर आमच्याकडं सरकवतो, असं तिचं ठाम मत आहे.

गुरुवारी आम्ही दोघींनी दाराआडून अप्पांचा फोन ऐकला. पलीकडं नगरचा सहलवाला ज्ञानेश्वर होता, पण ऐकू येत होते ते अप्पाच.

"तिकडं जमीन काळी का मुरमाड?... पान्याचं कसं?... ऊस येतो? येतो म्हनता!"

"झालं," आई कुजबुजली. "हितलं इकायचं, तिथं घ्यायचं. आन् आपल्याला बसवायचं सिंव्हाच्या राखणीला."

अप्पा कुठंही जमिनीची चौकशी करतात. अपेंडिक्सच्या ऑपरेशनला टेबलावर झोपवलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरला दवाखान्याच्या बोअरला किती फुटांवर पाणी लागलं ते विचारलं होतं. तरी उसाचं ऐकून माझ्याही मनात पाल चुकचुकली.

शुक्रवारी आई लग्नाकार्यातली साडी नेसली आणि मला घेऊन नगरला ज्ञानेश्वरच्या ऑफिसात धडकली. तो आजवर चारधामच करायचा. आफ्रिकेचा नकाशा त्यानं केदारनाथच्या फोटोवरच चिकटवला होता.

"क्रूगरचं जंगल, केप टाऊन, व्हिक्टोरिया धबधबा," तो म्हणाला. "जेवणात पिठलं मिळेल."

"सातबारा कशापायी मागितला?"

"व्हिसाला, काकू. माणूस परत येणार याचा पुरावा लागतो तिकडच्या सरकारला."

"म्हंजी त्यास्नीबी ह्यांचा संशय हाय?"

"सगळ्यांचाच असतो."

आठवड्याभरात पहिल्यांदा आईच्या कपाळावरची आठी गेली. "शानी मानसं हायेत," ती म्हणाली.

पण संध्याकाळी जेवताना तिनं अप्पांसमोरून भाकरीची टोपली ओढून घेतली. "खरं सांगा. जायचं कशाला?"

अप्पांनी टोपलीकडं नेलेला हात मागं घेतला. "बिबट्या बघायचाय."

"उसात हाय की!"

"उसातला आपल्याला बघतो गं. मला एकदा त्याला बघायचंय. गाडीत बसून, नीट. त्याच्या मिशा मोजून हुईस्तवर."

"मग सरकारला पुरावा देताय तर मलाबी द्या. वरचं वावर माझ्या नावावर करा."

अप्पांनी तिथंच कबूल केलं. कचेरीत सारख्या खेपा कोण घालणार, म्हणून वरच्या वावरासकट तिन्ही गटांचं, म्हणजे सगळ्याच जमिनीचं, आईच्या नावे बक्षीसपत्र त्यांनी एकाच दिवशी उरकलं. महिन्याभरात नोंद झाली. नवे सातबारे ज्ञानेश्वरला पाठवले, आणि त्याचा फोन आला.

"काका, यात तुमचं नावच नाही. तुम्ही परत याल याला पुरावा काय?"

"बायको हाय की."

"ती तर बरोबर येतेय."

अप्पांनी फोन खाली ठेवला आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. आता तीही आईचीच होती.

आईचा व्हिसा आला, माझा आला, अप्पांचा अर्ज परत आला.

"जा तुमी," अप्पा म्हणाले. "कुनीतरी बघा त्याला."

आईनं डोळे बारीक केले. "मला भाईर काढून हितं काय करनार हाय?" शेवटी एका अटीवर ती निघाली: रोज सकाळी वरच्या वावरात जाऊन बांधाचा फोटो पाठवायचा. आदल्या दिवशीचा चालणार नाही.

क्रूगरमध्ये पाच दिवसांत आम्ही दोन सिंह बघितले, आणि हरणं इतकी की आईनं त्यांच्या चाऱ्याचा हिशोब काढला. बिबट्या नाही. गाईडनं हात जोडून माफी मागितली. ते हात जोडणं त्याला आईनंच शिकवलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी अप्पांचा फोटो आला. जरा हललेला. दगडी बांधापाशी बिबट्या बसला होता, पुढचे पाय नीट जुळवून, थेट कॅमेऱ्याकडं बघत. खाली लिहिलं होतं: 'मिशा नीट मोजता आल्या न्हाईत. पण पळालोबी न्हाई.'

मी फोन आईपुढं धरला. तिनं चष्मा चढवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि बिबट्या बाजूला सारून एकेक दगड तपासला.

"बांध जिथल्या तिथं हाय," ती म्हणाली. मग बिबट्यावर आली. "आन् ह्यो आपल्या बाजूला बसलाय."

"मग?"

"मग बसू दे. अजिनाथ फिरकायचा न्हाई."