मोलकरणीचं काम वहिनींना

कापडाच्या त्या मोठ्या दुकानात दर वर्षी वर्धापनदिनाला नाटक व्हायचं. बसवायचा दुकानातला शिंपी, आणि लिहायचाही तोच. त्याच्या नाटकांत माणसं कमी आणि उपदेश जास्त. यंदा तर साक्षात न्याय रंगमंचावर येणार होता, पांढरी दाढी लावून. गोष्ट साधीच होती: श्रीमंताघरची मोलकरीण राबून राबून मरते आणि न्याय येऊन मालकिणीला जाब विचारतो.

आता रिवाज असा की मोठं काम मोठ्या माणसाला. त्यामुळे शेठांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी, मालकीण होणार हे ठरलेलंच. पण वहिनी काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी नाटक वाचलं आणि ताडलं, की लोक रडणार ते मोलकरणीसाठी. "मालकीण काय, रोजचीच आहे," त्या म्हणाल्या. "मी मोलकरीण होते." शिंप्याची काय बिशाद नाही म्हणायची. मग मालकिणीचं काम थोरलीच्या गळ्यात पडलं.

थोरली म्हणजे काउंटरवरच्या चौघींमधली सगळ्यांत जुनी. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. डॉक्टरांनी बजावलं होतं, अधूनमधून बसायला मिळत नसेल तर हे काम सोडा. सोडा म्हणायला त्यांचं काय जातंय? घर तिच्या पगारावर चालत होतं, लेक अजून शिकत होती. वहिनींकडे तिनं स्टूल मागून पाहिलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. वहिनी दर वेळी गोडच बोलल्या. "अगं, गिऱ्हाइकासमोर बसलेलं बरं दिसतं का?"

तालमी सुरू झाल्या आणि थोरलीची चंगळ झाली. नाटकभर मालकीण खुर्चीत आणि मोलकरीण दाराशी उभी. खुर्चीही कशी, गुबगुबीत, हात टेकायला ऐसपैस. संध्याकाळी तिच्यात अंग टाकलं की थोरलीला इतकं बरं वाटायचं, की संवादच आठवायचे नाहीत. तिकडे वहिनींचा जीव आठवड्याभरात मेटाकुटीला आला.

"मास्तर, मी जरा टेकू का कुठे?"

"वहिनी, त्या घरात मोलकरीण बसत नाही," शिंपी म्हणाला. एरवी मांजर असलेला हा माणूस तालमीत कुणाच्या बापाला भीत नसे.

थोरलीला हसू फुटलं, आणि मग वाईटही वाटलं. बाई खरोखरच या पायावरचा भार त्या पायावर टाकत होती, थेट आपल्यासारखी.

नाटकाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. वहिनी फार सुंदर मेल्या. पहिल्या रांगेत शेठांनी रुमाल काढला. मग दाढी सावरत, न्याय झालेला शिंपी आला आणि गरजला, "सांग, हिनं तुझ्याकडे कधी काही मागितलं होतं?"

थोरलीनं म्हणायचं होतं, "नाही, कधीच नाही." वाक्य पाठ होतं, पण जिभेवर येईना. इतकं धडधडीत खोटं बोलायचं, तेही एवढ्या लोकांसमोर? नोकरी जाईल, हे तिला स्वच्छ कळत होतं.

"मागितलं होतं," ती म्हणाली. "बसायला स्टूल मागितलं होतं. तीनदा. मी म्हटलं, बसलेलं बरं दिसतं का?"

न्यायाची दाढी एका कानावरून सुटली. विंगेत काउंटरवरच्या तिघींनी एकमेकींचे हात धरले. आणि मेलेल्या वहिनी हलल्या. डोळे मिटलेले ठेवूनच, जमिनीवरून त्या म्हणाल्या, "फार दुखत होते हो पाय."

लोकांना वाटलं, नाटकातच आहे. सभागृह ढसाढसा रडलं. पडदा पडल्यावर मात्र वहिनी रंगही न पुसता तडक घरी गेल्या, आणि थोरलीनं धरून चाललं, नोकरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरमागे नवंकोरं स्टूल होतं. शेजारी वहिनी उभ्या.

"बैस," त्या म्हणाल्या. "काल चारचौघांत चांगलीच शोभा केलीस माझी. बैस आता."

थोरलीला बसावंसं इतकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. पण पलीकडे त्या तिघी उभ्या होत्या, स्टुलाकडे आपलं लक्षच नाही असं दाखवत.

"वहिनी, हे पुन्हा नाटकच झालं," ती हळूच म्हणाली. "एकीनं बसायचं आणि बाकीच्यांनी उभं राहायचं."

वहिनींच्या कपाळाला आठी पडली. काहीतरी फाडकन बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण वाकून स्वतःची पोटरीच चोळली. तालमींचं दुखणं अजून उतरलं नव्हतं.

"अजून तीन मागवते," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत येतील. तोवर पाळीपाळीनं बसा. पण पहिली पाळी माझी." आणि त्या मटकन बसल्या. चौघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

तेवढ्यात एक बाई दुकानात शिरली. वहिनी उठायला गेल्या, पण पाय काही उचलेनात. शेवटी बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं, "या ना, काय दाखवू?"

"पडद्याचं कापड," बाई म्हणाली. "निळ्यात काही आहे?"