बांधावरची जखीण

साखरबाई गेली तेव्हा आनंदरावांनी तिची राख नदीत सोडली नाही. शेताच्या बांधावर खड्डा घेऊन पुरली आणि वर आंब्याचं रोप लावलं. वडगाव रासाईत आता बरेचजण असं करतात, त्यामुळं कुणी काही बोललं नाही. बोलणं सुरू झालं ते दगडाबाईचा पाय मुरगळल्यावर.

दगडाबाई ही आनंदरावांची चुलत भावजय. गवताचा भारा घेऊन बांधावरून येताना ती पडली आणि तिला ताप चढला. तापातून उठून तिनं जाहीर केलं, "साखरनं धरलं मला. जखीण झालीया ती."

"ठेच लागली आसंल," आनंदराव म्हणाले.

"भावजी, नवरा मागं ठिवून, कुंकू लावून गेलेली बाई. तिचा जीव अडकतो. त्यालाच जखीण म्हनत्यात."

मयताच्या दिवशी हीच दगडाबाई "अहेव गेली, भाग्याची बाई" असं म्हणत साखरबाईच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावून घेत होती.

दगडाबाईचा मुलगा सत्यजीत पंचायतीला उभा राहणार होता. त्याला साऱ्या गावाची काळजी. "आप्पा, सोमवारी जेसीबी आणतो. रोप मातीसकट काढू आन् नदीला सोडू. सगळ्यांचं समाधान."

"वीतभर रोपाला जेसीबी?"

"रोप वीतभर हाय, पण खाली कोण हाय ते बघा की."

आनंदराव जखिणीचं विचारायला दौंडला गेले. त्यांच्या लेकीची मैत्रीण करुणा तिथं शाळेत मराठी शिकवायची.

"आप्पा, जखीण म्हणजे मूळची यक्षीण," ती म्हणाली. "झाडात, पाण्यात राहणारी, राखण करणारी. लोक तिची पूजा करायचे. जखाईची देवळं असतात ना, ती तिचीच."

"मग भूत कवा झाली?"

"मोठे देव आले, तशी ही मागं पडली. मग भुतांत गेली. पक्षात नवे लोक आले की जुन्यांचं होतं तसं."

सोमवारी जेसीबी बांधाशी येऊन उभा राहिला, तेव्हा आनंदरावांनी हे सगळ्यांसमोर सांगितलं. यक्षीण शब्द त्यांना नीट म्हणता आला नाही. पण राखण, पूजा आणि जखाई एवढं पोचलं.

सत्यजीतनं चपला काढल्या. "म्हंजी काकी देवी हाय आपली!"

रोप वाचलं. आनंदराव घरी जाऊन बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

पुढं बांधावर नारळ फुटू लागले. दगडाबाईच्या अंगात आलं आणि तिनं हिरवं लुगडं मागितलं. साखरबाईनं जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं. मग एक दिवस सत्यजीत फरशी, सिमेंट आणि गवंडी घेऊन आला.

"आप्पा, देऊळ बांधतोय. फक्त रोप काढावं लागंल. मुळ्या पायाला भेगा पाडत्यात."

"आरं, रोपाखालीच ती हाय."

"ती आता सगळीकडं हाय, आप्पा."

आनंदराव रोपाला आडवे उभे राहिले. पण देवीपुढं नवऱ्याचं काय चालणार? मग ते गवंड्याकडं वळले.

"देवी-बिवी काय न्हाई. जखीणच हाय. रोज येती माझ्याकडं. केस मोकळे, पाय उलटे. म्हणती, माझ्या मुळाला ज्याची थापी लागंल, त्याच्या घरी राहायला जाईन."

"पण आप्पा, तुम्हीच तर म्हणला—"

"दौंडची मास्तरीण म्हणली. तिला जखिणीनं कवा धरलंय?"

गवंड्यानं थापी पोत्यात घातली. सत्यजीत घाईनं चपला शोधू लागला. दगडाबाई "मी आधीच सांगितलं व्हतं" म्हणत सगळ्यांच्या पुढं निघाली, आणि तिचा पाय चांगला चालत होता.

बांध मोकळा झाला. आनंदरावांनी रोपाला पाणी घातलं आणि शेजारी बसले. साखरबाईला खोटं खपत नसे. तंबाखू सोडली म्हणून सांगितलं, तर ती जवळ येऊन तोंडाचा वास घ्यायची. आज तर त्यांनी चारचौघांत तिचेच पाय उलटे केले होते. याचा जाब विचारायला तरी येईल, म्हणून ते बराच वेळ बसून राहिले.