बिरूनानांच्या खाटेशेजारी

सन दोन हजार बावीस. शहराचं नाव बदलायचं घाटत होतं, पण दुकानांवरच्या पाट्या अजून जुन्याच होत्या. त्या साली उन्हाळ्यात पुंडलिकनगरच्या सत्यभामाबाईंना स्वतःच्या घरात लिहायला जागा उरली नाही आणि त्यातूनच पुढचं सगळं झालं.

तशी जागा त्यांना कधीच नव्हती. आयुष्यात सहा कादंबऱ्या लिहिल्या, पण टेबलखुर्चीवर बसून एकही नाही. पहिली माहेरी लासूर स्टेशनला, बाळंतपणाच्या खोलीत लिहिली. विश्वजीत मांडीवर आणि कागद उशीवर. दुसरी शिलाई मशीनच्या झाकणावर. पुढच्या दोन स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं, फोडणी करपवत करपवत. मालकांच्या आजारपणात दवाखान्याच्या बाकड्यावर लिहिलं, नळाला पाणी यायच्या दिवशी हौदाच्या कडेवर बसून लिहिलं. सत्कारात कुणी तरी हमखास विचारायचं, बाई, तुमची लिहिण्याची खोली कशी आहे? त्या हसून म्हणायच्या, आमच्याकडं खोल्यांत माणसं राहतात.

त्यांच्या लिहिण्याची एक तऱ्हा होती. वाक्य आधी ओठांत घोळवायचं, मग मोठ्यानं म्हणून बघायचं, कानाला पटलं की कागदावर उतरवायचं. त्यामुळं त्या लिहायला बसल्या की घरात कुणी तरी बोलत बसलंय असंच वाटायचं. मालक होते तोवर त्यांना त्याची सवय होती. पण आता दिवाणखान्यात विश्वजीत लॅपटॉप घेऊन कंपनीच्या मीटिंगा करायचा, आतल्या खोलीत सार्थक डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचा. एकदा तो दारात येऊन म्हणाला, "आजी, तुझी गोजरबाई माझ्या केमिस्ट्रीत शिरलीय. आज तिला गावाला पाठव ना कुठं तरी."

सगळे हसले, सत्यभामाबाईही हसल्या. राजनंदिनीनं, त्यांच्या सुनेनं, हळूच सुचवलं की आई, परीक्षा होईपर्यंत मनातल्या मनात लिहिता येईल का. त्यांनी आठवडाभर तसं करून पाहिलं. वाक्यं कागदावर आली, पण मेल्यासारखी. गोजरबाई ही त्यांच्या नव्या कादंबरीची नायिका. तिची गोष्ट दोन वर्षं मध्येच अडली होती. आता आणखी थांबलं तर ती बाई हातातून जाईल, ही भीती त्यांना झोपू देईना.

शेजारी भिंतीला भिंत लागून वच्छलाबाई आणि बिरूनाना राहायचे. नानांच्या बापाची मेंढरं होती. नाना तरुणपणीच शहरात आले, चिकलठाण्याच्या कारखान्यात लागले आणि गुंठेवारीतला प्लॉट घेऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या. आदल्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डाव्या मनगटात बापाचं जाड चांदीचं कडं होतं, ते लोखंडी खाटेच्या पाइपवर आपटून ते हाक मारायचे. पाणी हवं, कूस बदलायची, भांडं हवं, सगळ्याला तीच हाक. मुलगी रत्नमाला सिल्लोडला दिलेली. वच्छलाबाईंना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय उरली नव्हती.

दोघी वाळवणाच्या गच्चीवर भेटल्या तेव्हा सत्यभामाबाईंनी आपलं गाऱ्हाणं सांगितलं. वच्छलाबाई म्हणाल्या, "भामाताई, एवढं कशाला झुरतीस? आमच्या खाटंपाशी बस की. तू बडबडलीस तर ह्यायला करमंल आन् मलाबी जरा गजानन महाराजाच्या मंदिरात जाऊन येता येईल. ध्यान ठेव म्हंजी झालं."

असं ठरलं. रोज दुपारी जेवणं उरकली की सत्यभामाबाई कागदांची पिशवी घेऊन शेजारी जायच्या. खाटेजवळ पाट, पाटावर कागद, वर पंख्याची करकर. पहिले काही दिवस त्यांना लाज वाटली, परक्या पुरुषापुढं वाक्यं म्हणायची. मग त्यांच्या लक्षात आलं, नाना ऐकताहेत. गोजरबाईचा नवरा घर सोडून निघून गेला तो भाग म्हणून झाला आणि त्या थांबल्या, तर खाटेच्या पाइपवर कडं वाजलं. त्या लगबगीनं उठल्या. पाणी पुढं केलं, त्यांनी तोंड फिरवलं. भांडं पुढं केलं, त्यांनी डोळे मिटले. शेवटी हरून त्या पाटाशी येऊन बसल्या आणि वाक्य पुन्हा म्हणू लागल्या, तेव्हा कुठं नाना शांत झाले.

त्यांना पुढचं ऐकायचं होतं.

ही गोष्ट सत्यभामाबाईंनी वच्छलाबाईंना मोठ्या कौतुकानं सांगितली. वच्छलाबाई म्हणाल्या, "बघ. माझं बोलणं चाळीस वरसात कधी ऐकलं नाय, तुझं ऐकत्यात." त्या दिवसापासून कड्याचे दोन अर्थ झाले, हवं-नको आणि पुढं वाच. सत्यभामाबाई आधी हवं-नको पाहायच्या आणि मग वाचायच्या. पुढं पुढं आधी वाचायच्या. बहुतेक वेळा तेवढ्यानं भागायचं. कादंबरी अशी धावू लागली की त्यांचा त्यांनाच विश्वास बसेना. आयुष्यभर शोधत होते ती जागा ही, दुसऱ्याच्या घरातली, औषधाच्या वासाची, असं त्या विश्वजीतला सांगायच्या.

श्रावणातला गुरुवार होता. वच्छलाबाई मंदिरात गेल्या. सत्यभामाबाईंचं शेवटचं प्रकरण चाललं होतं. घर सोडून गेलेला नवरा म्हातारा होऊन परत आलाय, दारात उभा आहे आणि गोजरबाई आतून कडीवर हात ठेवून थिजलीय. सत्यभामाबाई वाक्य शोधत थबकल्या आणि तेवढ्यात कडं वाजलं. त्या मान वर न करताच म्हणाल्या, सांगते, नाना, सांगते. आणि पुढचं वाक्य मिळालं. कडं पुन्हा वाजलं. ते वाजणं त्यांनी त्या नवऱ्याच्या हाताला दिलं. तो दार ठोठावत राहिला. आवाज जोरात आला, कागदावरही जोरात आला; मध्ये अंतर पडू लागलं, तसं कागदावरही पडलं. मग तो थांबला. गोजरबाईनं कडीवरचा हात खाली घेतला. सत्यभामाबाईंनी पूर्णविराम दिला. इतकं नितळ लिखाण आपल्या हातून कधी उतरलं नाही, हा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता, तेव्हाच वच्छलाबाई दारातून आत आल्या आणि खाटेकडं बघून जागीच बसल्या.

डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका आला. वेळेवर आणलं असतं तर, असं त्यांनी अर्धं म्हटलं आणि बाकीचं खांदे उडवून सोडून दिलं.

दहाव्याला रत्नमाला सिल्लोडहून आली, भावकी आली. येईल त्याला वच्छलाबाई एकच सांगत होत्या, की माणूस एकटं नाही गेलं, भामाताई उशाशी होती, तिचं वाचणं कानावर पडत पडत गेले. रत्नमालेनं सत्यभामाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी पाय मागं ओढले. लोकांना वाटलं, केवढी ही नम्रता.

त्यानंतर सत्यभामाबाईंचं अन्न तुटलं. त्या प्रकरणाची नक्कल पुण्याला आधीच पाठवली होती. अभय म्हणून एक तरुण संपादक होता, त्याचा फोन आला. मॅडम, दार ठोठावण्याचा तो प्रसंग, तुमच्या सगळ्या लिखाणात असं काही नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. फोन ठेवून त्या न्हाणीघरात जाऊन बसल्या. संध्याकाळी विश्वजीतला सगळं सांगितलं. तो घाबरला. म्हणाला, तू डॉक्टर नाहीस, तुला काय कळणार होतं? म्हातारीला शांती मिळालीय, ती कशाला मोडतेस? राजनंदिनीनं ताट उचललं आणि ती आत गेली.

महिनाभर त्यांनी गच्चीवर जायचं टाळलं. मग एके दुपारी वच्छलाबाईंनीच भिंतीवरून हाक मारली, की घर खायला उठतंय, ये, बस, लिही. खाट अजून तिथंच होती, फक्त गादी काढलेली. वच्छलाबाईंनी स्वतःच्या हातानं पाट मांडला. आता गप्प राहिलं तर ही जागा आपली राहील, हे सत्यभामाबाईंना स्पष्ट दिसत होतं. चहा येईल, पंखा करकरेल, आठवी काय, नववीही लिहून होईल. त्या पाटावर बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच बोलल्या.

"वच्छलाबाई, नानांनी त्या दिवशी कडं वाजवलं होतं. मी ऐकलं. पुढं वाच म्हणत असतील असं मला वाटलं. मी उठले नाही."

वच्छलाबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. एक खडा वेचून त्यांनी बाजूला टाकला.

"किती येळ वाजवलं?"

लिहिताना सत्यभामाबाईंना वेळ कळतच नसे.

"तेवढं तरी सांग. एकदा वाजवून ऱ्हायले, का लई येळ वाजवलं?"

"मला खरंच कळलं नाही. मी ते तसंच लिहून काढत होते. नवरा दार ठोठावतो, तिथं."

वच्छलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "लिव्हलंस? मग वाच. जेवढं वाजलं तेवढं वाच."

त्यांनी नको म्हणून पाहिलं. वच्छलाबाईंनी पिशवीकडं बोट दाखवलं. मग पिशवीतून कागद निघाले. सत्यभामाबाईंनी आयुष्यात हजार माणसांसमोर वाचलं होतं, पण आवाज असा कधी फाटला नव्हता. नवरा दार ठोठावत होता. एक पान संपलं, तरी ठोठावत होता. दुसऱ्या पानावर त्याचा हात दमला. एकेक ठोका लांबत गेला. गोजरबाई कडीवर हात ठेवून मोजत राहिली. मग बाहेर काहीच राहिलं नाही, फक्त रस्त्यावरून कुणाची तरी गाडी गेली.

वच्छलाबाई शेवटपर्यंत ऐकत होत्या. पदर तोंडाला लावला नाही.

"थांबलं, त्ये बी लिव्हलंस की," त्या म्हणाल्या. "म्हंजी थांबलेलं तुला कळलं व्हतं."

"हो."

"तवा तरी मान वर करायची."

सत्यभामाबाईंना खाली बसावंसं वाटलं, पण पाटावर बसायचा धीर झाला नाही. हे पुस्तकात छापणार नाही, फाडून टाकते, असं त्या काहीतरी पुटपुटल्या.

"छाप नाय तर फाड. त्ये मला इचारू नगं. म्याबी दर हाकंला उठत नव्हते, भामाताई. रात-रात वाजवायचे, मी कूस बदलून निजायची. पण मी निजायची. तू जागी व्हतीस." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "जा आता. मला भात टाकायचाय."

दार त्यांनी लावून घेतलं नाही. सत्यभामाबाईच पुन्हा त्या दारातून आत गेल्या नाहीत.

कादंबरी दोन हजार चोवीस साली आली. त्यात नवरा दार ठोठावत नाही, गल्लीच्या तोंडाशी थोडा वेळ उभा राहून निघून जातो. अभयनं खूप विनवण्या केल्या, मग भांडला आणि दुसऱ्या प्रकाशनात निघून गेला. वाचकांची पत्रं आली, शेवट उरकून टाकलाय म्हणून. सत्यभामाबाईंनी कुणालाच उत्तर लिहिलं नाही.

सार्थकला दुसऱ्या प्रयत्नात लातूरला प्रवेश मिळाला. त्याची खोली रिकामी झाली आणि विश्वजीतनं तिथं आईसाठी टेबल आणलं, खुर्ची आणली, दिवा आणला. राजनंदिनी रोज ते पुसते. सत्यभामाबाई तिथं बसून आलेल्या पुस्तकांच्या प्रस्तावना लिहितात, मनातल्या मनात. कादंबरी पुन्हा लिहिली नाही.

रत्नमाला आईला सिल्लोडला घेऊन गेली. घर भाड्यानं दिलं, खाट भंगारात गेली, जास्तीची किल्ली राजनंदिनीकडं ठेवली. वच्छलाबाईंचे गुडघे गेलेत, पण जीभ शाबूत आहे, असं रत्नमाला सांगते. दिवाळीला वच्छलाबाईंचा फोन येतो. त्या सार्थकचं विचारतात, विश्वजीतच्या कंपनीचं विचारतात, यंदा मका कसा झाला ते सांगतात. सत्यभामाबाई फोनवर आल्या तर त्यांच्याशीही बोलतात, अगदी नीट बोलतात. काय लिहितेस, एवढं मात्र विचारत नाहीत.